बेबी ऑस्टिन: आधी हिशोब, मग पाना

ऑस्टिन सेव्हन या जुन्या ब्रिटिश मोटारीच्या सिलिंडरचा व्यास 2.2 इंचच का, याचं उत्तर इंजिनाच्या नकाशात सापडत नाही. ते ब्रिटनच्या मोटार कराच्या कोष्टकात आहे. आपल्याकडे 'बेबी ऑस्टिन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गाडीत अशी कित्येक ठिकाणं आहेत, जिथे आजच्या मिस्त्रीला बिघाड दिसतो आणि प्रत्यक्षात ती मूळ रचना असते. तेलाचा दाब जवळजवळ शून्य, पाण्याला पंप नाही, क्लचचा पेडल जेमतेम हलतो, मागचा सांगाडा ॲक्सलपर्यंत पोहोचतच नाही. यातलं काय मुद्दाम तसं केलंय हे कळलं नाही, तर माणूस चांगली गाडी दुरुस्त करून बिघडवतो. म्हणून या लेखात प्रत्येक भागाचं 'का' आधी आणि 'कसं' नंतर दिलंय.

आठ पौंडांचा कर

1921च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये मोटारीवर दर हॉर्सपॉवरला वर्षाला एक पौंड कर लागू झाला. ही हॉर्सपॉवर इंजिन चालवून मोजलेली नव्हे. रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या सूत्राने ती कागदावर काढायची: सिलिंडरचा व्यास इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येने गुणा, 2.5ने भागा. पिस्टन किती लांब धावतो, म्हणजे स्ट्रोक किती, याला सूत्रात जागाच नव्हती.

ऑस्टिन सेव्हनसाठी करून पाहा. 2.2 चा वर्ग 4.84, गुणिले 4 म्हणजे 19.36, भागिले 2.5 म्हणजे 7.74. कागदावर ती 7.8 धरली गेली आणि कर बसला 8 पौंड. बोअर (सिलिंडरचा व्यास) अरुंद आणि स्ट्रोक 3 इंचांचा लांब (76.2 मिमी) ठेवल्यामुळे कर न वाढवता इंजिन 747 सीसीचं झालं. प्रत्यक्षात ते साधारण 2,400 फेऱ्यांना 10.5 हॉर्सपॉवर द्यायचं.

या लांब स्ट्रोकची किंमत आजही मोजावी लागते. क्रँकचे, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याचे, हात लांब, त्याला आधार फक्त दोन टोकांना, मधे बेअरिंग नाही. वेग वाढला की असा क्रँक धनुकलीसारखा लवतो. 'क्रँक का तुटतो' या प्रश्नाचं अर्धं उत्तर करखात्याच्या सूत्रातच आहे.

बिलियर्डच्या खोलीतला आराखडा

हर्बर्ट ऑस्टिन यांची बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजची कंपनी 1921मध्ये कर्जात बुडून रिसीव्हरच्या (कर्जवसुलीसाठी नेमलेल्या प्रशासकाच्या) ताब्यात गेली होती. युद्धानंतर त्यांनी मोठ्या 'ट्वेंटी' मॉडेलवर भिस्त ठेवली आणि ती पुरेशी खपली नाही. संचालक मंडळाला छोट्या गाडीत रस नव्हता, म्हणून ऑस्टिन यांनी ती स्वतःच्या जबाबदारीवर काढायचं ठरवलं. कारखान्यातला स्टॅनली एज नावाचा 18 वर्षांचा ड्राफ्ट्समन त्यांनी आपल्या लिकी ग्रेंज या घरी बोलावला, आणि बिलियर्डच्या खोलीत आराखडे सुरू झाले.

ऑस्टिन यांच्या डोक्यात दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन होतं. एजने त्यांना चार सिलिंडरसाठी राजी केलं. बेल्जियमच्या एफएन मोटारसायकलचं छोटं चार सिलिंडरचं इंजिन त्याला माहीत होतं, आणि तसं इंजिन स्वस्तात करता येईल हे त्याने आकडे मांडून दाखवलं. या लेखकाच्या मते गाडीच्या यशाचा सगळ्यात मोठा निर्णय हाच. त्या काळी स्वस्तात चारचाकी म्हणजे 'सायकलकार', दोन सिलिंडरचा खडखडाट करणारं वाहन. ऑस्टिन सेव्हन आकाराने तेवढीच, पण आतून खरीखुरी मोटार होती: चार सिलिंडर, चारही चाकांना ब्रेक, आणि मागे पोरांना बसायला जागा.

1922मध्ये ती 165 पौंडांना जाहीर झाली. अगदी सुरुवातीचं इंजिन 696 सीसीचं होतं. लवकरच बोअर वाढवून ते 747 सीसी झालं आणि 1939पर्यंत तेच राहिलं. ऑस्टिन यांना दर गाडीमागे दोन गिनी (दोन पौंडांहून थोडी जास्त) रॉयल्टी मिळायची. एकूण 2 लाख 90 हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. जर्मनीत आयझेनाखच्या कारखान्याने 1927पासून परवान्यावर ती 'डिक्सी' या नावाने बनवली. पुढच्याच वर्षी बीएमडब्ल्यूने तो कारखाना घेतला, म्हणजे बीएमडब्ल्यूची पहिली मोटार ही मुळात बेबी ऑस्टिनच. फ्रान्समध्ये रोझेनगार्ट आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी अमेरिकन ऑस्टिन, हे आणखी दोन परवाने. आणि लोटस या स्पोर्ट्स कार कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी आपली पहिली लोटस याच गाडीच्या सांगाड्यावर उभी केली.

पहिलं काम: गाडी कोणत्या काळातली ते ठरवा

सुटे भाग मागवण्याआधी हे करायलाच हवं. नोंदणीपुस्तकावरचं साल आणि इंजिनावरचा क्रमांक यांवर एकट्याने विसंबू नका. शंभर वर्षांत इंजिनं, गिअरबॉक्स, ॲक्सल यांची इतकी अदलाबदल झालीय की एकाच गाडीत तीन सालांचे भाग सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. पुढच्या क्रमाने पाहा.

आधी व्हीलबेस मोजा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत 75 इंच (190.5 सेंमी) भरलं तर सांगाडा 1931च्या बदलाआधीचा, 81 इंच (205.7 सेंमी) भरलं तर नंतरचा.

मग पेट्रोलची टाकी कुठे आहे ते पाहा. बॉनेटखाली, डॅशबोर्डच्या पुढे असेल तर पेट्रोल नुसतं उतारावरून कार्बोरेटरला येतं. 1932च्या सुमारास टाकी मागे गेली आणि इंजिनावर यांत्रिक पंप आला. त्याच वेळी तीन गिअरच्या जागी चार गिअर आले. सिंक्रोमेश, म्हणजे गिअर न खरखरता जुळवणारी रचना, त्यानंतर, टप्प्याटप्प्याने.

इग्निशन मॅग्नेटोवर (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्रावर) असेल तर इंजिन 1928 किंवा त्याआधीचं. नंतर कॉइल आली आणि डिस्ट्रिब्युटर डायनामोवरून फिरू लागला.

ब्रेकसाठी गाडीखाली वाका. जुन्या गाड्यांत पायाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना आणि हाताचा फक्त पुढच्या. 1930मध्ये दोन्ही जोडले गेले. जुन्या पद्धतीची गाडी रस्त्यावर काढणाऱ्याने हे पाठच करून ठेवायला हवं: नुसता पाय दाबून पुढची चाकं धरणार नाहीत.

शेवटी रेडिएटर. उघडा, चकचकीत कडेचा असेल तर जुनी गाडी. बॉडीच्याच रंगाच्या पत्र्याखाली झाकलेला असेल तर 1934 आणि नंतरची 'रुबी' किंवा तिच्या बहिणी. 1936च्या मध्यापासून क्रँकला मधलं तिसरं बेअरिंग मिळालं, पण ते बाहेरून दिसत नाही. तेवढ्यासाठी मात्र इंजिनाचा क्रमांक आणि आतला क्रँक, दोन्ही पाहावे लागतात.

सांगाडा: इंग्रजी 'ए'सारखा आणि मागे उघडा

चॅसिस म्हणजे पालथ्या पन्हळीसारख्या दोन पोलादी पट्ट्या. पुढे त्या नाकाशी एकत्र येतात, मागे फाकत जातात आणि मागच्या ॲक्सलच्या आधीच संपतात. पुढे एकच आडवा पाटा (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). मागे प्रत्येक बाजूला पाव लंबवर्तुळाचा पाटा. त्याचं जाड टोक चॅसिसच्या मागच्या टोकात घट्ट बसवलेलं, पातळ टोक ॲक्सलला. वजन आणि पोलाद वाचवायचं म्हणून असं केलं. परिणाम असा की बॉडीचा मागचा भाग अधांतरी असतो आणि त्याचा भार बॉडीच्या फरशीवर येतो. म्हणून मागच्या बाजूची फरशी, तिच्या कडा आणि बोल्टची भोकं आधी तपासा.

सांगाडा सरळ आहे का, हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. गाडी सपाट फरशीवर, पुढची चाकं सरळ करून उभी करा. दोन्ही किंगपिनच्या (पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या खुंटीच्या) मध्यातून आणि मागच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपासून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने खुणा करा, गाडी बाजूला घ्या. आता डाव्या आणि उजव्या बाजूचा व्हीलबेस मोजा, मग दोन्ही कर्ण. कर्णांत 5-6 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर आधी पाटे आणि त्यांचे बोल्ट तपासा. मागचा पाटा सरकलेला असणं हे वाकलेल्या चॅसिसपेक्षा जास्त वेळा आढळतं. तडे शोधायचे ते मागच्या पाट्याच्या बसणीभोवती आणि पुढच्या नाकापाशी. ग्रीस आणि रंग पूर्ण काढल्याशिवाय तडा दिसत नाही.

वळणावर ही गाडी मागून स्वतःच वळायला बघते. बॉडी झुकली की एका बाजूचा पाटा दबतो, दुसऱ्या बाजूचा सैल होतो, आणि मागचा ॲक्सल किंचित तिरका होतो. पाट्यांची कमान जास्त असेल तर हा प्रकार वाढतो. म्हणून पाटे लोहाराकडून पुन्हा बसवून घेताना 'चांगले उंच करून द्या' असं सांगू नका. दोघांची उंची सारखी हवी, आणि माणसं बसल्यावर पाटा जवळजवळ सपाट व्हायला हवा.

इंजिन: तेलाची पिचकारी

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

दोन बेअरिंगच्या साध्या इंजिनात क्रँकच्या टोकांना बॉल आणि रोलर बेअरिंग आहेत. त्यांना दाबाने तेल लागत नाही, उडालेलं पुरतं. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला, म्हणजे बिगएंडला, मात्र व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातूचं अस्तर) आहे, आणि त्याला तेल हवंच. ते पोचवायची युक्ती अशी: पंप क्रँककेसमधल्या दोन बारीक जेटना तेल देतो, जेटमधून धार क्रँकच्या बाजूवर पडते, तिथल्या खाचेत ती झेलली जाते आणि फिरण्याच्या जोरानेच आतल्या भोकांतून बिगएंडपर्यंत ढकलली जाते. पंपाचं काम फक्त पिचकारी मारायचं. बाकीचं काम फिरणारा क्रँक करतो.

म्हणूनच गरम इंजिनात तेलदाबाचा काटा दर चौरस इंचाला 2 ते 5 पौंडांवर असेल तर ते ठीक आहे. काही गाड्यांत काटाच नाही, दाब आला की बाहेर सरकणारं एक बटण आहे. दाब कमी दिसतो म्हणून जेट बारीक करणारे लोक भेटतात. त्याने काटा वर जातो आणि बिगएंड उपाशी मरतात. उलट थंड इंजिनात नेहमीपेक्षा फार जास्त दाब दिसू लागला आणि गरम झाल्यावरही उतरला नाही, तर आनंद मानू नका. जेट तुंबलाय.

जेट साफ करायला क्रँककेसच्या बाहेरून बसवलेले प्लग काढा, जेटच्या भोकात सैल जाईल अशी पातळ तार सरळ घाला, मागेपुढे करा, मग इंजिन हँडलने फिरवून मळ बाहेर येऊ द्या. तार घट्ट जात असेल तर बारीक घ्या. भोक मोठं झालं की दोन जेटमधला समतोल जातो आणि एका जोडीला तेल कमी पडतं. इंजिन उघडलेलं असेल तर क्रँकच्या आतली भोकंही साफ करायलाच हवीत. फिरण्याने तेलातला गाळ तिथेच जाऊन दाबला जातो आणि वर्षानुवर्षांत मेणासारखा घट्ट होतो. नुसतं रॉकेल ओतून तो निघत नाही, तारेने खरवडावा लागतो.

क्रँक बाहेर आलाच आहे तर त्याची तड्यांची तपासणी करून घ्या, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. 1930पासून बिगएंडचा व्यास वाढवून 1 5/16 इंच केला गेला. त्याआधीचा बारीक क्रँक मिळाला तर तो कपाटात ठेवण्यासारखा आहे, घाट चढण्यासारखा नाही. आज चांगल्या पोलादाचे नवे क्रँक बनतात, आणि गाडी नियमित चालवायची असेल तर सर्वात आधी पैसे तिथे घालावेत.

क्रँककेस ॲल्युमिनियमचं आहे. त्याचे आटे उपटलेले असतात, विशेषतः ब्लॉक धरणाऱ्या स्टडचे. मागच्या बेअरिंगच्या ओठाशी तडे जातात. स्टड ओढून घट्ट करत राहण्याऐवजी आटा नव्याने बुश घालून करून घ्या.

बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन चालू करताना

1. चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल सोडा आणि एक पूर्ण दिवस थांबा.
2. इग्निशन बंद ठेवून हँडल हळूच फिरवा. अडलं तर जोर लावू नका. हेड काढणं स्वस्त पडतं, वाकलेला रॉड नाही.
3. जुनं तेल काढा. तळाचा पत्र्याचा संप (तेलाचं भांडं) उतरवा, आतली जाळी धुऊन घ्या. संपात राखाडी चकाकणारी भुकटी दिसली तर ते व्हाइट मेटल आहे: पुढे जाऊ नका, बिगएंड उघडा.
4. जेट वर सांगितल्याप्रमाणे मोकळे करा.
5. नवीन एसएई 30 तेल भरा. संपात चार पाइंट म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपास बसतं. डिपस्टिकच्या खुणेवर थांबा. मागच्या बेअरिंगला आजच्यासारखी रबर सील नाही, फक्त तेल परत ढकलणारे आटे आहेत. तेल जास्त झालं की ते मागून क्लचवर येतं आणि क्लच घसरू लागतो.
6. पंप कोरडा पडलेला असतो. त्यात तेल ओतून तो भरून घ्या, मग प्लग न लावता हँडल मारत राहा. काटा हलला किंवा बटण बाहेर आलं की थांबा. इथे शंभरेक फेऱ्या लागल्या तरी घाई करायची नाही.
7. टॅपेटची (वॉल्व्ह उचलणाऱ्या दट्ट्याची) फट फीलर गेजने चार थाउ, म्हणजे इंचाचे चार हजारांश (0.1 मिमी), ठेवा. वॉल्व्ह बाजूला असल्याने झाकण काढलं की टॅपेट समोरच असतात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2.
8. प्लग लावा आणि हँडलने चालू करा.

हँडल कसं धरायचं हे नीट वाचा. स्टिअरिंगवर इग्निशनची कांडी असेल तर ती आधी मागे, म्हणजे उशिरा स्पार्क पडेल अशी घ्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. अंगठा दांड्याभोवती गुंडाळायचा नाही. तो बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. हँडल खालून वर खेचायचं, वरून खाली कधीही दाबायचं नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर खेचणाऱ्या हातातून दांडा सुटून जातो. दाबणाऱ्याचं मनगट मोडतं.

निमुळते जोड: इथे आळस चालत नाही

फ्लायव्हील क्रँकवर आणि मागचे हब ॲक्सलच्या दांड्यावर निमुळत्या टोकाने बसतात. चावी (खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा) असते, पण ती फक्त जागा दाखवते. जोर पेलतो तो निमुळत्या पृष्ठभागाचा घट्टपणा. जोड किंचित जरी सैल झाला तर सगळा भार चावीवर येतो. आधी चावी कातरते, मग खाच फाटते, आणि मागच्या ॲक्सलचा दांडा खाचेच्या कोपऱ्यातून तुटतो. फ्लायव्हील सैल असेल तर मंद चालताना खालून 'धप् धप्' असा आवाज येतो. तो बिगएंडचा समजून इंजिन उघडलं जातं, आणि खरा दोष तसाच राहतो.

करायचं असं. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ पुसा. वॉल्व्ह घासायची बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून, चावी न घालता, थोडं मागेपुढे फिरवत जोड घासा. पेस्ट रॉकेलने पूर्ण धुऊन काढा. एका बाजूला निळ्या मार्किंगच्या रंगाचा पातळ थर देऊन जोडून पाहा. दुसऱ्या बाजूला रंग जवळजवळ सगळीकडे सारखा उमटला पाहिजे. मधेच पट्टे दिसले तर पुन्हा घासा. मग जोड अगदी कोरडा बसवा, तेल किंवा ग्रीस न लावता, नट जोराने आवळा आणि लॉक वॉशर वाकवा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर हबचा नट पुन्हा तपासा.

क्लच

पेडलचा उपयोगी प्रवास अर्ध्या इंचाच्या आसपास, म्हणून नवखा माणूस ही गाडी उड्या मारत नेतो. क्लच बिघडलेला नाही. तो छोट्या जागेत, कमी भागांत बसवायचा म्हणून असा आहे. पहिल्या गिअरमध्ये टाका, इंजिन मंद चालू असतानाच, ॲक्सिलरेटर न दाबता, पेडल हळूहळू सोडा. गाडी सरकू लागली की पेडल पूर्ण सोडा आणि मगच रेस करा. रेस करत क्लच सोडला तर झटका मागच्या दांड्यांना बसतो. सिग्नलला उभं असताना पेडल दाबून ठेवू नका, न्यूट्रल करा: दाबलेल्या पेडलचा जोर क्रँकच्या पुढच्या बेअरिंगवर जातो. सिंक्रोमेश नसलेल्या गिअरबॉक्सला खाली उतरताना दोनदा क्लच आणि मधे थोडी रेस लागतेच.

ब्रेक आणि स्टिअरिंग

ब्रेक केबलचे आहेत आणि ड्रम लहान. ते आधुनिक गाडीसारखे धरणार नाहीत, पण सरळ आणि भरवशाचे धरायला हवेत. केबल आवळण्याआधी ब्रेकचे लायनर आणि ड्रम पाहा. मागच्या ॲक्सलची सील गळून तेल लायनरवर आलं असेल तर कितीही आवळलं तरी उपयोग नाही, आणि तेल शोषलेला लायनर धुऊन नीट होत नाही, तो बदलावा. ड्रम अंडाकृती झालेला असेल तर पेडल पायाखाली थरथरतं. नंतर चारही चाकं उचला, केबलची लांबी अशी ठेवा की पेडल मोकळं असताना प्रत्येक चाक फिरतं आणि थोडं दाबल्यावर चारही जवळपास एकदम अडतात. पुढची चाकं आधी धरत असतील तर ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात राहत नाही.

स्टिअरिंगमध्ये वर्म आणि गोल दातेरी चाक आहे. सरळ चालवण्यातच आयुष्य जात असल्याने त्या चाकाचा एकच भाग झिजतो. ते पूर्ण गोल असल्यामुळे काढून पाव फेरा फिरवून बसवलं की न झिजलेले दाते कामाला येतात. नव्या भागाच्या मागे लागण्याआधी हे करून बघा. स्टिअरिंग थरथरत असेल तर मात्र कारण बहुधा किंगपिनमध्ये किंवा पुढच्या रेडियस आर्मच्या बॉल जोडात आहे. चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. ठक् असा आवाज आला तर पिन आणि बुश दोन्ही बदला, एकच नाही.

पाणी आणि पेट्रोल

पाण्याला पंप नाही. गरम पाणी हलकं होऊन वर रेडिएटरमध्ये जातं, थंड झालेलं खाली उतरून ब्लॉकमध्ये येतं. हे चक्र चालायला पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडापेक्षा वर असलीच पाहिजे. दोन बोटं खाली गेली की फिरणं थांबतं आणि रेडिएटर थंड असतानाच हेड उकळतं. म्हणून दर सकाळी झाकण उघडून पाहा. ब्लॉकच्या मागच्या टोकाशी गाळ साचतो. हेड काढलंय तेव्हा तारेने तो सोडवून उलट्या दिशेने पाणी मारा. घाटात गाडी तापत असेल तर पाण्याआधी इग्निशन तपासा, उशिरा पडणारा स्पार्क हे तापण्याचं नेहमीचं कारण आहे. खंडाळ्यासारख्या चढाला लवकर खालचा गिअर घ्या. वरच्या गिअरमध्ये इंजिन दमवत नेणं दोन बेअरिंगच्या क्रँकला सगळ्यात वाईट.

कॉम्प्रेशन कमी असल्याने ऑक्टेनची चिंता नाही. चिंता आहे ती आजच्या भारतीय पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलची. ते जुनी रबर नळी मऊ करतं, कॉर्कचे वॉशर आणि शेलॅक विरघळवतं, टाकीतली जुनी राळ सोडवून झेनिथ कार्बोरेटरच्या जेटमध्ये आणून बसवतं, आणि हवेतला ओलावा ओढून घेऊन टाकी आतून गंजवतं. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या टाका, टाकीनंतर बारीक जाळीचा फिल्टर बसवा, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करा. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं: प्लग पांढरे पडत असतील आणि इंजिन खोकत असेल तर मेन जेट एक क्रमांक मोठा घ्या.

पाने आणि वेळापत्रक

या गाडीचे नट-बोल्ट ब्रिटिश मापांचे आहेत. 12-13चे मेट्रिक पाने 'जवळपास' बसतात आणि नटाची तोंडं गोल करतात. व्हिटवर्थ आणि बीएसएफ मापांचा पाना-सेट आणि डिस्ट्रिब्युटरसाठी बीएचे छोटे पाने घ्या. विजेची यंत्रणा 6 व्होल्टची असल्याने केबल 12 व्होल्टच्या गाडीपेक्षा जाड हवी, आणि बॉडीशी अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावरच द्यायचं. मंद दिव्यांचं आणि सुस्त स्टार्टरचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

तेलाचा फिल्टर म्हणजे फक्त संपातली जाळी, म्हणून तेल दर 1,500 किलोमीटरला बदला, कमी चालली तरी वर्षातून एकदा. किंगपिन आणि पाट्यांच्या शॅकलना 500 किलोमीटरला ग्रीस, नवं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. ताशी 55-60 किलोमीटरच्या वेगाने ती दिवसभर चालते. 1930च्या ब्रिटनमधल्या ब्रूकलँड्सच्या 500 मैल शर्यतीत हिचंच शर्यतीचं 'अल्स्टर' भावंड ताशी 83 मैलांच्या सरासरीने जिंकलं होतं, पण त्याच्या क्रँकला दाबाने तेल मिळत होतं. आपल्या गाडीला पिचकारीवर भागवायचंय.

पावसाळ्यात गाडी झाकून ठेवायची असेल तर प्लास्टिकऐवजी सुती आवरण वापरा. हँडब्रेक सोडून चाकाला ठोकळा लावा, नाहीतर लायनर ड्रमला चिकटतात. पंधरा दिवसांनी प्लग काढून हँडलच्या वीस-पंचवीस फेऱ्या मारा, आणि क्लचचं पेडल लाकडाच्या फळीने दाबून ठेवा म्हणजे प्लेट गंजून फ्लायव्हीलला धरणार नाही. इंजिन फिरवण्याआधी ती फळी काढायला विसरू नका.